यकृताखालचं पान

धाकटीचं वय अठ्ठेचाळीस होतं, निम्मे केस पांढरे झाले होते आणि हाताखाली अकरा माणसं कामाला होती, तरी घरात ती धाकटीच राहिली. कारखान्यात तिला सगळे मॅडम म्हणत. वडिलांनी एका खोलीत हा कारखाना सुरू केला तेव्हा तिथे ऑपरेशनच्या कात्र्या आणि चिमटे बनायचे. पुढे दुर्बिणीची ऑपरेशनं आली. पोटावर हातभर चीर घेण्याऐवजी चार-पाच छोटी छिद्रं पाडायची, पोटात वायू भरून ते फुगवायचं, छिद्रांमधून नळ्या सरकवायच्या आणि पडद्यावर बघत काम करायचं. त्याबरोबर अवजारंही लांब आणि पेन्सिलीसारखी बारीक झाली. धाकटी त्यांची रेखाटनं करायची आणि तिचा थोरला भाऊ, दादा, ती पोलादात उतरवायचा. ती कागदावर आणि तो लेथवर, अशी दोघांची चौदा वर्षं कशी गेली ते कळलंही नव्हतं.

आता दादाला कारखाना सोडून नऊ वर्षं झाली होती.

बसने चार तास लागतील एवढ्या अंतरावरच्या एका गावात तो शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवायचा. आई त्याच्याकडे राहायची. दादा निघाला तेव्हा धाकटीने आईला थांबवायचा खूप प्रयत्न केला होता. आई म्हणाली होती, "तुझ्याकडे कारखाना आहे. त्याच्याकडे कोण आहे?" वहिनी शेजारीच उभी होती. तिने कपाळाला हात लावला, आणि मग आईची पिशवीही तिनेच उचलली.

दर रविवारी सकाळी धाकटी आईला फोन करायची. आईला कमी ऐकू यायचं म्हणून फोन स्पीकरवर असायचा. आई बोलत राहायची आणि धाकटी तिच्या मागच्या आवाजांचा कानोसा घेत बसायची. कानस चालल्याचा आवाज आला की आज दादा दुकानातलं काम घरी घेऊन आलाय हे कळायचं. कधी तो खोकायचा. कधी "आई, माझा चष्मा कुठे ठेवलास?" एवढं एकच वाक्य ऐकू यायचं, आणि धाकटीला ते आठवडाभर पुरायचं. "दादा कसा आहे?" असं विचारलं की आई म्हणायची, "हा काय, इथेच बसलाय. देऊ का त्याला?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. "अगं, उठून गेला बाई. गिऱ्हाईक आलं असेल." नऊ वर्षं, दर रविवारी, नेमक्या त्याच वेळी गिऱ्हाईक येत होतं.

घडलं होतं ते असं. जठराच्या वरच्या टोकाचं ऑपरेशन करायचं तर यकृत आड येतं. त्याचा डावा भाग जठरावर पांघरुणाच्या टोकासारखा पडलेला असतो. तो वर उचलायचा आणि तास-दोन तास तसाच धरून ठेवायचा. त्यासाठी धाकटीने एक पंखा काढला होता. आत जाताना सरळ कांडी, आणि आत गेल्यावर मूठ फिरवली की पाच पोलादी बोटं उघडायची. पंखा दोन वर्षं छान चालला. तिसऱ्या वर्षी एका रुग्णालयात त्या बोटांखाली एका बाईचं यकृत फाटलं. रक्त थांबेना, शेवटी पोट उघडावं लागलं. बाई वाचली, पण तीन आठवडे अंथरुणाला खिळून राहिली. रुग्णालयाने पंखा पिशवीत सीलबंद करून परत पाठवला आणि कारण लेखी मागितलं.

धाकटीने आपली गणितं पुन्हा पुन्हा तपासली. ती बरोबर होती. रेखाटनात चूक नाही म्हणजे चूक हाताची, असं ती धरून चालली आणि तिने लिहून दिलं, 'बोटाच्या कडेच्या घासकामातला दोष.' कारखान्यात घासकाम एकच माणूस करायचा.

दादाने तो कागद वाचला. हात धुतले, एप्रन खिळ्याला अडकवला आणि घरी गेला. महिन्याभरात त्याने बिऱ्हाड हलवलं.

पहिली दोन वर्षं धाकटी घुश्शात होती. चूक झाली तर झाली म्हणायचं, त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. मग सांगायचं बंद झालं. पंखा तिने तेव्हाच बंद केला होता. कारखाना पुन्हा चिमट्यांवर आला. राग ओसरला तसं खाली काय उरलंय ते तिला दिसायला लागलं. रेखाटनाच्या दोन प्रती काढायची तिची सवय सुटली नव्हती. पूर्वी दुसरी प्रत दादाकडे जायची आणि कोपऱ्यात त्याच्या पेन्सिलीने लिहून परत यायची: 'इथे अर्धा मिलिमीटर जास्त दे, नाहीतर कारागीर तुला शिव्या देतील.' कारागीर म्हणजे तोच. आता दुसरी प्रत तशीच कोरी पडून राहायची. एखादं काम चांगलं उतरलं की ती नकळत डावीकडे, दादाच्या जागेकडे बघायची, तिथे आता हिशेबनिसाचं कपाट होतं.

अशात एक दिवस डॉक्टरीणबाई कारखान्यात आल्या. जठराच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं नाव होतं. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्याला हसावं की घाबरावं ते कळू नये. त्यांनी बाजारात मिळणारा पोलादी आकडा टेबलावर ठेवला.

"हा यकृत उचलतो," त्या म्हणाल्या, "पण बखोट धरून. दोन तासांनी काढला की खाली काळानिळा डाग. दुसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासणीत यकृत तक्रार करतं. मला हातासारखं काहीतरी द्या. हात घालून उचललं तर डाग पडत नाही. माझा हात एवढ्याशा भोकातून जात नाही, एवढीच अडचण आहे."

धाकटीला नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "वेळ लागेल."

दीड वर्ष लागलं. तिने आधी फुग्यासारखी उशी करून बघितली. ती आत फुगायची, पण यकृत तिच्यावरून घसरायचं. मग रबरी पट्टीची साखळी केली, ती भोकातून जाईना. शेवटी तिला एक तार सापडली. कितीही दुमडली तरी सोडल्यावर आपल्या मूळ आकारात येणारी. त्या तारेचा तिने पानाच्या आकाराचा वेढा केला आणि त्यावर मऊ सिलिकॉनचा पातळ पडदा ताणला. दुमडून नळीत ओढलं की पान गुंडाळलं जायचं, बाहेर ढकललं की उमलायचं. यकृत त्यावर झोळीत टेकल्यासारखं टेकायचं.

चाचणीसाठी ती बाजारातल्या खाटकाकडून ताजं यकृत आणायची. तो त्याला काळीज म्हणायचा. "मॅडम, आज काळीज मोठं आहे, देऊ का?" धाकटी म्हणायची, "द्या, पण डाग नसलेलं." तो मान हलवायचा. एवढी काळजं नेऊन ही बाई त्यांचं करते काय, हे त्याने कधी विचारलं नाही, पण डबा देताना तो तिच्याकडे जरा जपूनच बघायचा.

यकृत आणि अवजार यांच्यामध्ये ती एक पातळ फिल्म ठेवायची. जिथे दाब पडेल तिथे ती लाल व्हायची. जास्त दाब, जास्त लाल. पानाखालची फिल्म सगळीकडे सारखी फिकट गुलाबी आली. तुलनेसाठी डॉक्टरीणबाईंचा आकडा लावून झाला. मग तिला वाटलं, आपला जुना पंखाही लावून बघावा. तो कपाटात, त्याच सीलबंद पिशवीत होता. नऊ वर्षांत तिने ती पिशवी उघडली नव्हती. तेव्हाही उघडली नव्हती.

तिने सील कापलं, पंखा उघडला, यकृताखाली घालून उचलला. फिल्म काढली. मधली तीन बोटं जवळजवळ कोरी होती. कडेच्या दोन बोटांच्या टोकांशी मात्र दोन ठिपके, गडद लाल, टाचणीने टोचल्यासारखे. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. जड यकृत कलंडलं की सगळा भार त्या दोन टोकांवर यायचा. टोकांची गोलाई तिने काढली होती आणि भार पाचही बोटांवर सारखा वाटून गणित केलं होतं. गणित बरोबर होतं. यकृत गणिताप्रमाणे बसलं नव्हतं, एवढंच.

मग तिने कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, आणि मग पाचही बोटांवरून, सावकाश. कुठे खरखर नव्हती, बारीकसा काटाही नव्हता. साबणाच्या वडीवरून फिरावा तसा अंगठा फिरला. दादाचं काम.

ती खाली बसली. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा टर्नर, वडिलांच्या वेळेपासून लेथ चालवणारा, म्हणाला, "चहा मागवू का?" ती म्हणाली, "नको." तो म्हणाला, "मागवतो."

त्याच आठवड्यात तिने त्या रुग्णालयाला पत्र लिहिलं. नऊ वर्षांपूर्वी दिलेलं कारण चुकीचं होतं, दोष घासकामात नव्हता, रेखाटनात होता, आणि रेखाटन माझं होतं. खाली सही केली. पत्राची एक प्रत आणि पंख्याखालच्या दोन्ही फिल्म तिने आपल्या पिशवीत ठेवल्या.

याच सुमाराला पानही अडलं होतं. चाळीस-पन्नास वेळा आत-बाहेर केलं की नळीच्या तोंडाशी पडदा चिरायचा. नळीचं तोंड आतून हवं तेवढं गुळगुळीत होत नव्हतं. टर्नरने तीन नळ्या वाया घालवल्या आणि चौथी बाजूला सारत म्हणाला, "हे माझ्या हातचं नाही. कोणाच्या हातचं आहे ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं, म्हणूनच निघताना तिने नळी कारखान्यातच ठेवली. काम अडलं म्हणून आली, असं त्याला वाटायला नको होतं.

शनिवारी दुपारी ती दुकानात पोचली. अरुंद दुकान, भिंतीवर फळ्यांवर ओळीने मशीनची डोकी, तेलाचा वास, सुयांचे डबे, आणि मान वाकलेला एक दिवा. त्याखाली दादा. त्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते, हे तिला फोनवर ऐकू आलं नव्हतं. स्टुलावर एक शिंपीणबाई आपल्या मशीनची वाट बघत बसली होती.

दादाने चष्म्यावरून बघितलं. "ये," तो म्हणाला. मग पुन्हा कामाकडे वळत, "आई घरी आहे."

"तुझ्याकडेच आलेय."

"हे हातातलं होऊ दे."

शिंपीणबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "बहीण का? नाकावरून कळतं," ती म्हणाली. दादाने मशीनचं चाक फिरवून बघितलं, धाकटी सुयांचे डबे बघायला लागली, तशी तीही आपल्या चपलेकडे बघत बसली. तिचं मशीन झालं, ती गेली. दादाने हात पुसले.

धाकटीने काउंटरवर फिल्म मांडल्या, पत्र ठेवलं. बसमध्ये तिने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "दादा, तुझी कड चांगली होती," ती म्हणाली. "चूक माझ्या रेखाटनात होती. हे ठिपके बघ. मी रुग्णालयाला तसं लिहून कळवलंय."

त्याने फिल्म दिव्याखाली धरली, बराच वेळ. पत्र वाचलं, घडी घातली आणि सुयांच्या खणात टाकलं.

"कड कशी होती ते मला माहीत होतं," तो म्हणाला.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? चौदा वर्षं माझं काम बघत होतीस. तो पंखा तुझ्या टेबलावर आठ दिवस पडून होता. पिशवी फोडून एकदा अंगठा फिरवला असतास तर कळलं असतं." त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "चूक कोणाचीही असो. ती होतेच. तू हात लावून बघितलं नाहीस, ते मला लागलं."

"नाही बघितलं," ती म्हणाली.

"जेवली आहेस का?" त्याने विचारलं.

घरी आई खुर्चीत डुलक्या काढत होती. डोळे उघडून तिने दोघांना एकत्र दारात बघितलं. "भांडलात का?" तिने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

"मग एवढा वेळ करत काय होतात?"

वहिनीने पाठ फिरवून हसू लपवलं आणि ताटं घेतली. धाकटीला नुसतं दादाच्या समोर बसून जेवायचं होतं. नऊ वर्षं तिला याच एका गोष्टीची भूक होती. तो अजूनही घास घेण्याआधी बोटं एकमेकांवर घासून बघायचा, तेल राहिलंय का म्हणून. संध्याकाळच्या बसने ती परतली. त्याने पुन्हा ये म्हटलं नाही.

त्या रविवारी तिने फोन केला तेव्हा खुर्ची सरकली नाही. पण तो बोललाही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आई म्हणाली, "हा विचारतोय, नळीचं काय अडलंय?"

"कोणी सांगितलं त्याला?"

मागून दादाचा आवाज आला, आईला उद्देशून: "टर्नरकाकांनी. आणि तिला सांग, पोस्टाने पाठवू नकोस. वाटेत ठोके बसतात."

आईने ते सगळं शब्दन् शब्द पुन्हा सांगितलं. धाकटीने ऐकलेलंच पुन्हा ऐकून घेतलं.

पुढच्या शनिवारी ती नळी घेऊन गेली. दादाने आत करंगळीचं टोक घातलं आणि लगेच म्हणाला, "इथे काटा आहे." मग त्याने खणातून जाड सुती दोरा काढला. शिलाई मशीनच्या ज्या पट्टीतून सुई खाली जाते तिच्या छिद्राला बारीक काटा असला की धागा तुटतो. तो काटा घालवायला दादा दोऱ्याला पॉलिशची लेई लावून तो छिद्रातून ओढत बसायचा. नळीचं तोंड त्याने तसंच हातात घेतलं. दोरा आत, दोरा बाहेर, नळी केसभर फिरवायची, पुन्हा दोरा आत. तास गेला. दुसरा गेला. धाकटी स्टुलावर बसून बघत राहिली. त्याच्या उजव्या तर्जनीवर एक जुना व्रण होता. तो कसा झाला ते तिला माहीत नव्हतं. या नऊ वर्षांतलाच असणार.

"ओढून बघ," तो म्हणाला.

तिने पान नळीतून ओढलं. कुठेच अडखळलं नाही. कारखान्यात परत जाऊन तिने ते दोनशे वेळा आत-बाहेर केलं. पडदा जसाच्या तसा होता.

परवानग्यांमध्ये आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत ती दर पंधरा दिवसांनी शनिवारी जायची, कधी नळी घेऊन, कधी मूठ, कधी नुसतीच. पहिल्या ऑपरेशनला तिने दादाला बोलावलं. तो म्हणाला, "मला रक्त बघवत नाही." उभं आयुष्य ऑपरेशनची अवजारं बनवलेला माणूस. तिला हे माहीतच नव्हतं.

ती एकटी गेली. हिरवा गाऊन, तोंडाला मास्क, भिंतीला टेकून उभं राहायची परवानगी. पडद्यावर यकृत दिसलं, तपकिरी-लाल, ओलं, कडेला पातळ. डॉक्टरीणबाईंनी नळी सरकवली, मूठ पुढे ढकलली. पान उमललं. त्यांनी ते यकृताखाली सरकवलं आणि हलकेच उचललं. यकृत वर गेलं, जठर मोकळं झालं. एक तास चाळीस मिनिटं ते तसंच राहिलं. पान काढलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा जवळ नेला आणि यकृताच्या खालच्या अंगावरून सावकाश फिरवला. कुठेही डाग नव्हता.

"बघून घ्या," त्या मागे न वळता म्हणाल्या. "नंतर म्हणाल, मी चांगलं काही बोलत नाही."

धाकटीने शेजारी मान वळवली. सांगायला तोंडही उघडलं होतं. शेजारी भूल देणारे डॉक्टर होते. ते म्हणाले, "काही हवंय का?" ती म्हणाली, "नाही."

शनिवारी तिने दादाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्याने एकच प्रश्न विचारला, "बाहेर काढताना अडलं का?" ती म्हणाली, "नाही." त्याने मान हलवली आणि पुढ्यातल्या मशीनचा स्क्रू पिळायला घेतला, पण पिळता पिळता तो हळू शीळ घालत होता.

मग तिने विचारलं. आठ महिने हा प्रश्न जिभेवर येऊन परत जात होता. "दादा, परत येशील का?"

त्याने आधी स्क्रू पूर्ण बसवला. "इथल्या बायकांची मशीनं कोण बघेल?" तो म्हणाला. "आणि मला आता हे आवडतं. मशीन बिघडलं की बाई दुकानात येते, नीट झालं की हसून जाते. कुठे काय झालं याची चिठ्ठी येत नाही." त्याने पेचकस खाली ठेवला. "तू येत जा."

"येते."

त्या दिवशी तो पहिल्यांदाच तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत आईच्या कानाच्या यंत्राबद्दल बोलणं झालं, वहिनीच्या गुडघ्याबद्दल झालं. तिला विचारायचं होतं ते वेगळंच. पहिल्या वर्षी या परक्या गावात तू दिवसभर काय करत होतास, कोणाशी बोलत होतास, कधी माझी आठवण यायची का. पण रस्ता लहान होता आणि बस वेळेवर आली.

ती खिडकीजवळ बसली. दादाने हात वर केला आणि बस हलायच्या आधीच तो वळला. पांढरं डोकं, तेलकट शर्ट, सावकाश चाल. तिच्या लक्षात आलं की तो डावा पाय किंचित ओढतोय. आत्ता शेजारून चालताना तिला ते जाणवलं नव्हतं, कारण तीच त्याच्या चालीने चालत होती. तो पाय कधीपासून दुखतो, पडला होता का, डॉक्टरला दाखवला का, तिला काहीच माहीत नव्हतं. बस कोपऱ्यावर वळेपर्यंत ती मान मागे करून बघत राहिली. पुढच्या खेपेला आधी हे विचारायचं, तिने ठरवलं. बाकीचंही विचारायचं, एकेक करून.